प्रणितचा दचका

...प्रणितचाच आहे, म्हटलं ना सर. त्यात विचारण्यासारखं काय आहे? दोन्ही जिल्ह्यात कोणालेही विचारा, 'प्रणितचा दचका' असंच म्हणतात. मुखड्याच्या आधी वाजणं थांबते, सगळं गुपचूप होते, आन् मंग तो श्वास, जसं कोणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला— आन् लगेच ढोल. आता ज्याच्या नावानं आहे त्याचाच असन ना. बसा ना जी, उभे काऊन? तिथी नका टेकू, ती गादी भिंतीले आवाज अडवाले लावली आहे, खाली येते. खुर्चीवर बसा. आन् थोडं हळू बोला, दार उघडं आहे, बाबा नाईट करून आले, बाजूच्या खोलीत झोपले आहे. नाई, तुम्ही तर बोललेच नाई अजून, ते खरं आहे, मीच बोलून राह्यली. नवीन माणूस आला की मले असं होते. सर म्हणू का भाऊ? नागपूरवरून आले, गाण्याच्या कंपनीचे आहे, पण वयानं माह्या मामेभावाएवढेच दिसता. भाऊच म्हणते. तर लिहून घ्या भाऊ, आवाज प्रणितचा, रेकॉर्डिंग पूनमचं, ऊर्जानगर. झालं. चहा मांडते मी.

आणखी काय पाहिजे? कसं सुरू झालं ते? ते सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे. प्रणित बाजूच्या दुर्गापूरचा. इथल्या पॉवर स्टेशनात ठेकेदाराकडे होता, कोळशाच्या बेल्टवर. पहिल्या गाण्याले ड्युटीवरून सरळ इथी आला, ते नारिंगी सेफ्टी जॅकेट तसंच अंगात, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यायचं. व्हिडिओही त्यातच काढला, कॉलनीच्या गेटपाशी, गाणंच 'गेटवरची' होतं म्हणून. त्यात स्टाइल-बिइल काई नव्हती, भाऊ, दुसरा शर्ट धुवाले टाकला होता त्यानं. मंग काय झालं ते तुमच्याच कंपनीनं पाह्यलं, म्हणून तर तुम्ही त्याले नागपूरले घेऊन गेले. इकडे मूल गावापासून सिरोंच्यापर्यंत जो उठला तो जॅकेट घालून गाऊन राह्यला. वरातीत जॅकेट, गणपतीत जॅकेट. एका नवरदेवानं शेरवानीवर घातलं, आन् रस्त्यानं वरात चालली तर ट्रकवाला म्हणे थांबूनच राह्यला, त्याले वाटलं पुढं खोदकाम आहे.

पण जॅकेट दुकानात भेटते. दचका कुठी भेटते? मुलचेऱ्याकडचा एक बंगाली पोरगा आहे, गळा असा गोड की ऐकतच राहावं, पण दचकते असा की तव्याले बोट लागलं. हेमलकशाकडचा एक गोंडीत गाते, तो दचकला की त्याले हसू येते. लोकायले ते हसूच आवडलं, आता तिकडचे सगळे पोट्टे दचकून हसतात. सिरोंच्याचा तेलुगूत गाणारा एका कडव्यात चार वेळा दचकते, मलेच वाटते याले दवाखान्यात न्याव का. सगळे माह्याकडेच येतात ना रेकॉर्डिंगले, खोली लहान असली तरी. म्हणतात, ताई, प्रणितच्या गाण्यात तू जसा केला तसाच करून दे— म्हणजे, जसा रेकॉर्ड केला. रेकॉर्ड केला तसा. मी सांगते, बापा, तुह्या श्वास तुलेच घ्यावा लागन. आन् नूतनचं तर विचारूच नका. ब्रह्मपुरीची. सगळ्यायपेक्षा चांगली दचकली ती, मी ऐकला ना, एकदम जागेवर. खाली कमेंट पाहा तिच्या— बाईमाणूस होऊन माणसासारखी दचकते, म्हणे. प्रणितची नक्कल मारते, म्हणे. मले इतकं हसू आलं भाऊ, पाणी नाकात गेलं. काऊन म्हणजे? काई नाई, असंच हसू आलं. तुमचा फोन तिथी टेबलावर नका ठेवू जी, पत्रा आहे त्याच्या—

हं!

...बाप्पा. काई नाई. काई नाई झालं, व्हायब्रेट झाला तुमचा. उचला ना. उचला, महत्त्वाचा असन. ...नाई उचलत? असे काय पाहता मग माह्याकडे?

ठीक आहे. ऐकलं तुम्ही. कानाचंच काम आहे तुमचं, तुमच्यापासून काय लपवाचं. हाव, माह्या आहे तो. म्हणजे पहिल्या गाण्यातला. प्रणित तिथी माइकपाशी होता आन् मी इथी, खोली एकच, मधात काच-बिच काई नाई. मुखड्याच्या आधी चार मात्रा रिकाम्या ठेवल्या होत्या आन् तेवढ्यातच माह्या फोन वाजला पत्र्यावर. लोक म्हणतात प्रणितले वाघ दिसला असन. आता वाघ तर आमच्या क्वार्टरच्या मागं येऊन जाते, वनखात्याची गाडी फिरते, सांगते घरात राहा, आम्ही घरात राहतो. त्यात दचकाचं काय? वाघ येते ते सांगून येते. फोन सांगून येत नाई. कुकरची शिट्टी, दाराची बेल, कॉलेजात मॅडमनं नाव घेतलं तरी— पूनम म्हटलं की मी हं! आन् सगळा वर्ग हसे. आईनं तर मंतरूनही आणलं. त्या रेकॉर्डिंगच्या वेळी हेडफोन गळ्यात होते, मले कळलंच नाई आत गेलं ते. गाणं टाकल्यावर कळलं. मी प्रणितले म्हटलं, थांब, काढून परत टाकते. तो म्हणे काढू नको, पाहणारे लोक वाढून राह्यले.

चिडली? नाई जी, मी काऊन चिडू. मले उलट बरं वाटलं, कोणी मले विचारणार नाई म्हणून. माह्या नावानं असता तर लोक दाराशी येऊन म्हणाले असते, दचकून दाखव. त्याच्या नावानं आहे तेच चांगलं आहे. त्याले मात्र त्रास झाला बिचाऱ्याले. स्टेजवर काय करन? माह्याकडं आला होता, म्हणे शिकव. त्या खुर्चीवरच बसला होता, तुम्ही बसले तिथी. मी म्हटलं, पहिले भ्याव लागते. तो म्हणे, कशाले? आता याले काय सांगाव! तासभर मी त्याले मागून भाँ करून राह्यली, आन् तो मान वळवून म्हणते, झालं का? शेवटी तुम्हाले माहीत नसन— का माहीत आहे?— स्टेजवर तो नुसतं तोंड उघडते, छातीवर हात ठेवते, आन् दचका कीबोर्डवाला पॅडवर वाजवते. माह्याच. कापून नेला त्यानं. म्हणजे बाकीचे प्रणितची नक्कल करतात आन् प्रणित... जाऊ द्या. गाते चांगला तो. ते त्याचंच आहे.

...हो ना. आता तुम्ही तेच म्हणणार, माहीत होतं मले. की पॅडवर वाजवता येते म्हणजे कापून कोणालेही लावता येते. की बँडवाल्या अजीमनं तेच केलं, म्हणूनच तुम्ही आले.

नाई केलं त्यानं. नाई, भाऊ, हे लिहा पहिले. बाकी सगळे स्वतःच्या नाकातोंडानं दचकतात म्हणून कोणाचाच जमत नाई, आन् अजीमचा हुबेहूब आहे, म्हणून तुमच्या कंपनीनं फक्त त्यालेच धरलं— ते समजते मले. पण चोरी नाई ती. आवाज चोरला म्हणून दोन कॉपीराइट स्ट्राइक टाकल्या तुम्ही त्याच्यावर, तिसरी टाकली की चॅनल बंद. तुमच्यासाठी चॅनल आहे भाऊ, त्याच्या घरी चूल आहे. चंद्रपुरात त्याच्या अब्बाची, इनायत चाचांची बँडपार्टी तुमच्या बापानंही पाह्यली असन, लाल कोटवाली. डीजे आल्यापासून कोण बोलावते? अजीमचे व्हिडिओ पाहूनच लग्नं भेटून राह्यली आता, आठ माणसं आहे पार्टीत, क्लॅरोनेटवाले मामू तर सत्तरीचे आहे. आन् त्यानं जॅकेटही घातलं नाई कधी. लाल कोट घालते, बापाचा. मले म्हणे, पूनम, मले दचका नको. सगळेच दचकून राह्यले, एक तरी माणूस आरामात गाऊ दे.

मंग आला कुठून? तोही माह्याच आहे. नाई, तोच नाई, दुसरा. नवा. दोन्ही लावून दाखवते, ऐका— हा पहिला. लहान आहे, कापल्यासारखा. आता हा अजीमचा. लांब आहे ना? आन् मागं सर्रर्र असा आवाज, तो पंख्याचा, बंद केला तरी थोडा वेळ फिरते तो. प्रणितच्या वेळी पंखा नव्हता, जानेवारी होता. तुमच्या मशीनले सारखे वाटले कारण बाई एकच आहे. झालं समाधान? त्याच्याही टाइमले फोन वाजला, लिहा.

...फोन कुठी ऐकू येत नाई म्हणता.

नाई येत. फोन नव्हता. काई पडलं-बिडलं असन. कुकर. नाई— कुकर बी नाई. भाऊ, तुम्हाले काऊन दचकली ते कशाले पाहिजे? दचकली ना. माणूस दचकते. पालच होती समजा.

पूर्ण ट्रॅक पाहिजे म्हणता. न कापलेला. नाई तर कंपनी म्हणन की हा आवाज मी काल बसून बनवला. हाव, म्हणू शकतात. मीही म्हटलं असतं.

आहे माह्याकडं. मी काईच डिलीट करत नाई, भ्याव वाटते मले डिलीट कराले. पण त्यात— थांबा, पाहून येते, बाबा उठले का.

...झोपले आहे. कसं सांगू. त्या चार मात्रा असतात ना रिकाम्या, मुखड्याच्या आधी. अजीम तिथी माइकपाशी उभा होता, भिंतीकडे तोंड करून. गाता गाता थांबला, थांबाचंच होतं, आन् त्या रिकाम्या जागेत बोलला. गाण्यातलं नाई. माह्याकडे पाह्यलं पण नाई. म्हणे, "अब्बा संडेले पोरगी पाहाले चालले. काय सांगू मी त्याईले?"

एवढंच. आन् मग तुम्ही ऐकला तो.

त्याच्यानंतर? त्याच्यानंतर ढोल येते गाण्यात. नाई, इथी काय झालं ते विचारता का... मी म्हटलं, टेक खराब झाला, परत घेऊ. तेही आहे ट्रॅकमधे, माह्या आवाजात, एकदम स्पष्ट. एवढं स्पष्ट मी कधी बोलत नाई. तो म्हणे बरं. परत घेतला. तीनदा घेतला. शेवटी म्हणे, पहिलाच ठेव. मी बोलणं कापलं आन् श्वास कापाले गेली तर म्हणे, एवढं राहू दे. म्हणून राह्यला. त्याले प्रणितची नक्कल कराचीच नव्हती, मी सांगून राह्यली ना. लोकायले वाटलं त्यानंही शेवटी जॅकेटवाल्याचा दचका घेतला. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाई. रविवारी चाचा गेलेच नाई कुठी, एवढं मले बँडवाल्या मामूकडून कळलं. आन् मी... त्याचे पुढचे दोन गाणे मीच केले, माइक लावून दिला, लेव्हल सांगितली. दिवाळीपासून मी त्याच्याशी फक्त लेव्हलबद्दल बोलून राह्यली.

असं नका पाहू. तुम्हाले वाटते सोपं आहे. मी पूनम, तो अजीम, हे ऊर्जानगर आहे, इथी भिंती चार इंचाच्या. तुम्ही हा ट्रॅक घेऊन गेले की तुमच्या ऑफिसात वाजन. मग प्रणित ऐकन, मग दुर्गापूर ऐकन, आन् संध्याकाळी पॉवर स्टेशनच्या बसमधे बाबाले कोणीतरी मोबाईलवर ऐकवन. आन् नाई दिला तर तो चोर. चोर नाई, भाऊ, त्याच्यासारखा माणूस— त्यानं एक श्वास ठेवला माह्या, विचारून ठेवला.

किती दिवस आहे तुमच्याकडे? आजच? आजच सांगाचं आहे वर?

...न्या मंग. कापून नाई, पूर्ण न्या. कापला तर परत म्हणान बनवला. "टेक खराब झाला" तेही राहू द्या, मीच बोलली ते. पेनड्राइव्ह द्या इकडं. पोर्ट ढिला आहे. हां. चाललं. एवढं कॉपी व्हायले वेळ लागन.

तोवर तुम्ही जिन्यात उभे राहा जी. नाई, गॅलरीत नाई, तिथून बाबाची खिडकी दिसते. मले एक फोन कराचा आहे. त्यानं विचारलं होतं काय सांगू, ते त्याले माह्याकडून पहिले कळलं पाहिजे, तुमच्या कंपनीकडून नाई. चहा? चहा मांडलाच नाई मी. नंतर. चपला हातात घ्या, वाजतात त्या. दार ओढून घ्या. नाई, पूर्ण ओढा भाऊ— दार पूर्ण लागलं की या खोलीतलं बाहेर काईच ऐकू जात नाई.