आपोआप चालणारी बरणी

राळेगावच्या एस.टी.च्या रांगेत एक मास्तर काचेची बरणी छातीशी धरून उभे होते; बरणीत एक मासोळी आणि पाण्यातलं हिरवं झाड. शेजारी त्यांची पत्नी.

“कोकिळा, यवतमाळच्या प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच. मासोळीची घाण झाडाले खत, झाडाची हवा मासोळीले. सहा महिने पानी बदललं नाही, दाना टाकला नाही. देवाचंबी काम नाही इथं!”

“देवाचं नसन,” कोकिळा म्हणाली. “रोज सकाळी पानी मी बदलतो.”

“काहून?”

“शिळं पानी घरात ठेवते का कोनी?”

“अन् दाना?”

“कणकेची गोळी. उपाशी मारू का तिले?”

“आता परीक्षकाले काय सांगू?”

“सांगा, आपलं घर चालते तशीच चालते. आपोआप.”