तिसऱ्यांदा पैसे घेतले

आत्या : म्हणजे बकलावा तू खायचास आणि वर पैसेही त्यांनीच द्यायचे? यात काहीतरी काळंबेरं आहे, हनादी.

हनादी : काळंबेरं कसलं, आत्या, काम आहे. गिऱ्हाईक बनून मिठाईच्या दुकानात जायचं, सगळं गुपचूप बघायचं आणि घरी येऊन कळवायचं. मालक बसलाय परदेशात. त्याला इथलं अम्मानमधलं कसं दिसणार?

आत्या : देतो किती?

हनादी : बकलाव्याचे पैसे परत, वर सहा दिनार.

आत्या : सहा? ते तर टॅक्सीतच उडाले.

हनादी : म्हणून तर एकाच रस्त्यावरची तीन दुकानं घेते आणि चालत फिरते. खरी कमाई हॉटेलात. मृत समुद्राकाठी दोन रात्री राहायचं, खायचं-प्यायचं, वर दीडशे दिनार. पुढच्या महिन्यातलं एक मला मिळेल, पण त्याआधीचे अहवाल चोख हवेत.

आत्या : नावनोंदणीचे पैसे-बिसे भरून बसली नाहीस ना?

हनादी : एकाने मागितले होते. त्याचा नंबरच पुसून टाकला.

आत्या : शहाणी. मग मघापासून तोंड का पाडून बसलीयस?

हनादी : एका प्रश्नावर अडलंय. ‘विक्रेत्याने माल फुकट देऊ केला का?’ होय की नाही, एवढंच. काउंटरवर फख्री म्हणून एक म्हातारा होता. मी पैसे काढले तर म्हणतो, ‘राहू दे पोरी, तुझ्याकडून काय घ्यायचे.’

आत्या : म्हणणारच. चांगल्या घरचा असेल.

हनादी : मी म्हटलं, घ्या हो. तरी पुन्हा ‘राहू दे’. तिसऱ्यांदा घेतले, पूर्ण घेतले. पण ‘होय’ लिहिलं तर त्याची नोकरी जाईल. मालकाच्या लेखी ती चोरी.

आत्या : मग ‘नाही’ लिही आणि जेवायला चल.

हनादी : बोलण्याचं रेकॉर्डिंग सोबत जातं. खोटं सापडलं तर मीच बाद. थांबा, बस्सामचा फोन आलाय. आमचे अहवाल तोच तपासतो.

(हनादी फोनचा स्पीकर लावते.)

बस्साम : हनादीताई, एक रकाना रिकामा राहिलाय. रेकॉर्डिंग ऐकलं मी, दोनदा ‘राहू दे’ म्हणालाय तो. ‘होय’ करून टाका, मला पुढे पाठवायचंय.

आत्या : काय रे बाळा, गाव कुठलं तुझं?

बस्साम : कोण बोलतंय?

हनादी : माझी आत्या. आत्या, अहो, कामाचा फोन आहे.

बस्साम : असू दे. मी साल्टचा, आत्या.

आत्या : मग आपलाच की. शुक्रवारी मन्सफ करतेय, कोकराचं मटण दह्यात शिजवून. ये जेवायला.

बस्साम : तुमच्या हाताला बरकत येवो. जेवल्यासारखंच झालं.

आत्या : का रे, मटण चालत नाही?

बस्साम : चालतं की. पण तुम्ही एकदाच म्हणालात. एकदा-दोनदा म्हटलं म्हणून कुणी ताटावर येऊन बसतं का?

आत्या : मग तो फख्री दोनदा म्हणाला, तर त्याला चोर ठरवायला निघालास?

बस्साम : आत्या, मालकाला हे कुठे कळतं.

आत्या : त्याला नसेल कळत. तुला कळतं.

हनादी : बस्सामभाऊ, मी ‘नाही’ लिहिते. खाली शेऱ्यात खुलासा करते की ही इकडची बोलायची रीत आहे, पैसे पुरते घेतले.

बस्साम : विचार करा. शेरा दिसला की वरचे लोक अहवाल अडकवून ठेवतात. हॉटेल हातचं जाईल तुमच्या.

हनादी : जीव तुटतो हो त्या हॉटेलासाठी. समुद्राकडे तोंड करून दोन दिवस नुसती बसणार होते मी. पण म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आणून तिथे झोप यायची नाही मला.

बस्साम : बरं. पाठवा. शेऱ्याखाली माझंही नाव घाला, रेकॉर्डिंग मी ऐकलंय म्हणून. ठेवतो.

आत्या : ठेवू नकोस. शुक्रवारी जेवायला ये.

बस्साम : नको आत्या, उगाच तुम्हाला त्रास.

आत्या : अरे, ये म्हणते ना.

बस्साम : किती वाजता येऊ?