जड स्टिअरिंग

पंक्चर निघेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. समोर एक बाई मेकॅनिकशी बोलत होत्या.

"दादा, पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट परत बसवा."

"ताई, महिन्यापूर्वी तुम्हीच काढायला लावलात. स्टिअरिंग जड झालं की वडील आपणहून गाडी सोडतील, म्हणालात."

"हो ना. ऐंशीला आलेत, दोनदा फाटकाला धडकलेत. पण तोंडावर 'चालवू नका' कोण म्हणणार?"

"मग? सोडली?"

"कसली सोडतायत! म्हणतात, आमच्या वेळच्या गाड्या अशाच होत्या. आता उलट दोन फेऱ्या जास्त मारतात."

"मग राहू दे की तसंच."

"अहो, काल मी चालवायला बसले. वळणावर स्टिअरिंग हलेना. बाबा म्हणाले, 'सरक. तुझं वय झालं.'"