लाल थराच्या खाली

(१९९२. तीर्थपुरीजवळची एक वाडी. कोरड्या बोरवेलपाशी सरकारी पंपगाडी उभी आहे. सकाळची वेळ.)

नूरबी : बंद करा ती गाडी, साहेब! माझ्या विहिरीचं पाणी पळवून तुम्ही बोर भरणार. मंग मी काय पिऊ?

देवानंद : चाची, दाबानं पाणी सोडलं की खाली खडकाला भेगा पडतात. आजूबाजूचं पाणी त्यातून बोरीत येतं. आज जमलं नाही, तर ही बोर बुजवायची. मग सगळ्या वाडीनं हंडे घेऊन चालायचं.

नूरबी : आजूबाजूचं म्हंजे माझंच की! चाळीस पावलांवर विहीर हाये.

कचरू : साहेब, रबराचं बूच किती फुटावर बसवून राह्यले?

देवानंद : पंचेचाळीस. दाब त्याच्या खालीच बसतो. तुम्ही कोण?

नूरबी : कचरूभाऊ. माझी विहीर यांनीच खांदली, बहात्तर साली.

कचरू : भाबीचं बराबर हाये. विहीर बावन्न फूट. तुम्ही पंचेचाळीसच्या खाली दाब दिला, तर भेग थेट तिच्यात. बूच साठावर घ्या.

देवानंद : साठच का?

कचरू : बावन्नला लाल थर लागतो. मऊ. चार फुटांचा, तळाशी सुरुंगाचं भोक पाडून मोजलेला. वर विहीर, खाली पुन्हा काळा पाषाण.

देवानंद : बोरीच्या नोंदीत लाल थर नाही. वरपासून खालपर्यंत काळा खडक लिहिलाय.

कचरू : लिवणारा सावलीत बसला आसंल. मी आत उतरल्तो.

देवानंद : मामा, नुसत्या आठवणीवर मी कागद कसा बदलू?

नूरबी : थांबा! बोर मारताना भुगा उडाला ना, त्यातला लालभडक मी टोपलंभर उचलल्ता. चूल त्यानंच लिपली. चला, दाखवते.

कचरू : या साहेब, वाकून या. चौकट खाली हाये.

देवानंद : ही माती बोरीतलीच?

नूरबी : न्हाई तर काय हैदराबादहून आणली?

देवानंद : नोंद चुकलीय. साठावर घेतो. पण मामा, भेग खालून वर चढली तर?

कचरू : लई सुरुंग लावले मी. कडक खडकात भेग सरळ जाते. मऊ थराला टेकली की दम जातो तिचा. मंग आडवी पळते.

देवानंद : आडवीच हवीय मला.

नूरबी : कचरूभाऊ, खात्री हाये ना? माझी एवढीच विहीर हाये.

कचरू : तीन महिने त्या विहिरीत होतो, भाबी. हात लावून पाह्यलेलं सांगून राह्यलो.

नूरबी : मंग चालवा. मी काठावर उभी राहते.

देवानंद : चढतोय दाब... ऐंशी... शंभर... एकशे दहा... पडला! काटा पडला! फुटला खडक!

कचरू : भाबीऽऽ! पाणी?

नूरबी : तिसऱ्या पायरीलाच हाये! बिलकुल हाललं न्हाई! गढूळसुद्धा न्हाई!

देवानंद : आपण सोडलेलं पाणी तासभर उपसलं, तरी बोर भरतेय. हातपंप बसेल, मामा!

नूरबी : ऐकलं का कचरूभाऊ? आता तरी छाती काढून चाला.

कचरू : माझं काय त्यात. खडक आधीपासून तसाच हाये.

देवानंद : उद्या कुंभार पिंपळगावला दोन बोरी आहेत. जीप सातला इथं येईल. याल?

कचरू : मला लिवता येत न्हाई, साहेब.

देवानंद : लिहीन मी. तुम्ही थर सांगा.

नूरबी : या सातला. कचरूभाऊ सहापासूनच उभे असतील.