तात्पुरता बेसवाला

...आणि वर मलाच विचारतात, 'रॉड, एवढा चिडतोस कशाला?' चिडू नको तर काय आरती ओवाळू? तुम्हीच सांगा! गिटार वाजवायची म्हणून बँडमध्ये आलेला माणूस मी, आणि अकरा वर्षं झाली, मी बेस वाजवतोय. बेस! तुम्हाला सांगतो, गिटारवाल्याच्या गळ्यात बेस अडकवणं म्हणजे नवरदेवाला स्वतःच्याच वरातीत घोडा धरायला लावणं. चार तारा, त्याही अशा जाड की माझी बायको लॉरेन म्हणते, यांच्यावर चादरी वाळत घालता येतील. आणि काम काय? मागे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि ढुम्म... ढुम्म... ढुम्म. लोक नाचतात, घाम पुसतात, घरी जाताना गिटारवाल्याला मिठी मारतात, ड्रमवाल्याला बिअर पाजतात, आणि मला विचारतात, 'भाऊ, बाथरूम कुठे आहे?'

त्याचं काय झालं, आमचा खरा बेसवाला केव्ह. तो गेला पश्चिमेला, लोखंडाच्या खाणीत. आमच्या या मॅकेतला निम्मा गाव खाणीत जातो, त्याचं काही नाही, पण सांगून तरी जावं ना? आम्ही आपले नेहमीसारखे रविवारी दुपारी वॉरिकच्या शेडमध्ये जमलेलो, वर पत्रा असा तापलेला की अंडं फोडलं तर तळून निघावं, पंखा तीच गरम हवा एकाकडून दुसऱ्याकडे देतोय, कोपऱ्यात डासांची कॉइल जळतेय, आणि केव्हचा पत्ता नाही. वॉरिक म्हणजे आमचा ड्रमवाला, फार थोडं बोलतो, त्याने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, 'एव्हाना विमानात बसला असेल.' विमानात! आणि हा आम्हाला आत्ता सांगतोय!

मग गार्थ उठला. गार्थ म्हणजे आमचा दुसरा गिटारवाला, टायरचं दुकान आहे त्याचं, आणि त्याच्याकडे सगळं असतं. फक्त वाजवणं सोडून सगळं! त्या पायाने दाबायच्या डब्या असतात बघा, पेडल म्हणतात, त्या त्याच्यासमोर फरशीभर पसरलेल्या. एक दाबली की आवाज फाटतो, दुसरी दाबली की विहिरीतून आल्यासारखा येतो, तिसरी दाबली की काहीच होत नाही, पण गार्थ डोळे मिटून म्हणतो, 'नीट ऐक... नीट ऐक... फरक आहे!' नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. या पठ्ठ्याने दर महिन्याला नवं अंगणच विकत घ्यायचं ठरवलंय. तर हा उठला, गाडीच्या डिकीतून एक बेस काढला, आणि माझ्या गळ्यात घातला. हार घालतात ना, तसा!

'रॉड्या, तूच घे. मी घेतला असता रे, पण मग या डब्यांचं काय करू? फक्त आजच्यापुरतं!'

आणि मी काय म्हणालो असेन? 'बरं' म्हणालो! भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? पुढच्या रविवारी आलो, माझी गिटार घेऊन आलो हां, तर बेस माझ्या जागेवर उभा, आणि गार्थ म्हणतो, 'केव्हला नाताळात सुटी आहे, तोवर सांभाळ, आजच्यापुरतं!' नाताळ आला, केव्ह आला, झकास जाडजूड होऊन आला, शेडमध्ये बसून सगळी कोळंबी खाल्लीन आणि म्हणतो कसा, 'अरे रॉड, तू माझ्यापेक्षा चांगला वाजवतोस की!' झालं! त्या एका वाक्याने माझा निकाल लागला. मेल्या, कोळंबी खाल्लीस ती खाल्लीस, वर माझं आयुष्यही खाल्लंस!

माझी गिटार म्हणाल तर लाल आहे. विशीत असताना साखर कारखान्यात एक अख्खा हंगाम राबलो, उसाची मळी अंगाला, केसांना, जेवणाला, आणि त्या पगारातून ती घेतली. ती आता पलंगाखाली पेटीत असते. लॉरेन झोपली की... नाही, नको, तुम्ही हसाल... बरं, सांगतो. मी कधीकधी पेटी उघडून नुसता वास घेतो. हसलात ना? मला माहीत होतं.

माझं मागणं तरी काय हो? एक सोलो. गाणं मधेच बाजूला होतं आणि एकटी गिटार बोलायला लागते, सगळे माना वर करून तिच्याकडे बघतात, तो सोलो. एकदाच, चार माणसांसमोर, माझ्या लाल गिटारवर. कारण बोटं आता सकाळी मिटत नाहीत नीट. शाळेची बस चालवतो ना मी, तर पहिली दोन वळणं मी मनगटाने घेतो, पोरांना कळत नाही म्हणून बरं. डॉक्टर म्हणतो, 'सांध्यांचं आहे, हळूहळू वाढत जाईल.' म्हणजे माझ्याकडे वेळ आहे तो एवढाच. आणि तो वेळ मी घालवतोय कशात? ढुम्म... ढुम्म... ढुम्म!

लॉरेन म्हणते, 'मग सोडून दे ना! कुणी बांधून ठेवलंय?' अगं बाई, कसा सोडू? मी सोडलं तर बँड बसला, बँड बसला तर रविवार गेला, आणि वॉरिकची बायको गेल्यापासून त्या शेडमध्ये आमच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. रविवारी सकाळी तो आमच्या तिघांच्या खुर्च्या पुसून ठेवतो हो! आम्ही येतो दोघं, तरी तिसरी केव्हची पुसतो. आता अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

आणि एके दिवशी मार्लिन आली. वाद्यांच्या दुकानात मी स्वतः चिठ्ठी लावली होती, 'बेसवाला पाहिजे, स्वभाव कसाही चालेल.' ही इस्पितळात नर्स, रॉकहॅम्प्टनहून नुकती बदलून आलेली, पन्नाशीची, आवाज असा की वॉर्डातला पेशंट न सांगता कुशीवर वळेल. बेस उचलला, दोन मिनिटं वाजवला, आणि वॉरिक हसला. वॉरिक! त्याचे दात मी पहिल्यांदा बघितले! मी तिथल्या तिथे गाडीकडे धावलो, चिठ्ठी लावल्यापासून आशेने डिकीत ठेवलेली लाल गिटार काढली, जोडली, आणि तुम्हाला सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या, कॉइलचा धूर गेला असं सांगितलं मी सगळ्यांना.

महिनाभर तालीम. हिरवळीवर चेंडू घरंगळवतात ना, त्या बोल्स क्लबचा सत्तरावा वाढदिवस, रविवारी दुपारी, जेवणानंतर आपला कार्यक्रम, आणि शेवटच्या गाण्यात सोलो माझा! गार्थने नाक मुरडलं, पण म्हणाला, 'घे. फक्त आजच्यापुरतं!' आता तालीम म्हणजे कशी, ते ऐका. गार्थ म्हणतो, 'मला माझं ऐकू येत नाही,' आणि आवाज वाढवतो. मग मला माझं ऐकू येत नाही, मी वाढवतो. मग मार्लिन वाढवते. वॉरिकला वाढवायला बटण नाही, तो मनगटं वाढवतो. पत्रा थरथरतो, पाली खाली पडतात, शेजारचा कुत्रा कुंपणावरून उडी मारून गाव सोडून जातो, आणि शेवटी आम्ही एकमेकांना ओरडून सांगतो, 'काय जबरदस्त झालं!' कोणी काय वाजवलं, हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. जगातले सगळे हौशी बँड असेच तालीम करतात, खोटं वाटत असेल तर जाऊन बघा!

तर तो रविवार. क्लबात सगळी म्हातारी मंडळी, सॉसेज-पाव खाऊन झालेले, पाव्हलोव्हा केकची प्लेट मांडीवर, लॉरेन पहिल्या रांगेत नवा ड्रेस घालून बसलेली. आणि क्लबच्या सेक्रेटरी बेरिलबाई! एका हातात सोडतीची तिकिटं, दुसऱ्या हाताचं बोट भिंतीवरच्या दिव्याकडे. 'पोरांनो, आवाज वाढला की तो दिवा लाल होतो. लाल राहिला की वीज आपोआप जाते. आणि वीज गेली की फ्रीजमध्ये सोडतीत बक्षीस द्यायचं मटण आहे, ते खराब होईल. कळलं?' बाईंनी मटणासाठी आम्हाला मुठीत धरलं! आम्ही सगळ्यांनी निमूट बटणं खाली केली. इतकी खाली, की आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला आम्ही ऐकू यायला लागलो.

आलं शेवटचं गाणं. आला सोलो. मी एक पाऊल पुढे टाकलं, डोळे मिटले, आणि सुरू केलं... काय सांगू तुम्हाला... सगळा जीव ओतला... आणि मधेच गार्थ माझ्या कानाशी येऊन म्हणतो, 'रॉड्या, सोलो सुरू कर ना आता!'

मी म्हटलं, 'अरे, संपत आला!'

डोळे उघडले. ऐकलं. लाल गिटारवर, सहा तारांवर, सगळ्या लोकांसमोर, माझी बोटं काय करत होती? ढुम्म... ढुम्म... ढुम्म! अहो, अकरा वर्षं! बोटांना दुसरा रस्ताच माहीत राहिला नव्हता! मी वर जा म्हणतोय, ती खाली जातायत. मी पळा म्हणतोय, ती ठेक्यात चालतायत, शाळेच्या रांगेसारखी. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, 'यांच्याकडे दोन दोन बेसवाले आहेत वाटतं.' जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं, असं वाटलं हो मला. लॉरेन मान खाली घालून पाव्हलोव्हा खात होती, आणि ती तर गोड खात नाही!

तेवढ्यात मार्लिन सरकली. ठेका न सोडता जवळ आली आणि हळूच म्हणाली, 'रॉड, रागावू नकोस, पण तू वाजवतोयस तो माझा भाग आहे. दे इकडे.' गिटार काढून घेतली, बेस माझ्या गळ्यात. आणि वाजवायला लागली. अहो, काय वाजवली! ती लाल गिटार रडली, हसली, भांडली, माझ्या हातात एवढी वर्षं जिने तोंड उघडलं नव्हतं ती! बेरिलबाईंच्या हातातली तिकिटं खाली पडली. नंतर मार्लिन म्हणते, 'मी मूळची गिटारवालीच. रॉकहॅम्प्टनला आमचा बेसवाला गाव सोडून गेला, आणि मला म्हणाले, फक्त आजच्यापुरतं...' पुढचं मी तिला बोलू दिलं नाही. मला पाठ होतं.

पण खरं सांगू? जळलो मी. आणि त्याच वेळी खाली बघतो तर माझी बोटं आपली चाललीयत, आणि समोर एक आजोबा वॉकर ढकलत मधे आले आणि पाय आपटायला लागले. गिटारवर नाही हां! मी बघितलं ना! मी ढुम्म केलं की त्यांचा पाय पडत होता. मी मुद्दाम एक ढुम्म गाळला, तर आजोबा पाय हवेत धरून थांबले! आनंद झाला हो मला, नाही कशाला म्हणू?

आणि सामान आवरताना गार्थ म्हणतो, 'बरं रॉड्या, तो माझा बेस ठेव गाडीत. विकलाय मी. नवीन पेडल येतंय.' मी म्हटलं, 'विकलास?' म्हणाला, 'हो, सुटलास तू!' मार्लिन म्हणाली, 'मी आता बेसला हात लावणार नाही.' वॉरिक खुर्च्या घडी करत राहिला.

सुटलो! बेस नाही, बेड्या नाहीत! सोमवारी बस चालवताना शीळ घातली मी. मंगळवारी लॉरेन म्हणाली, 'टेबलावर ढुम्म ढुम्म करणं थांबव, चहा सांडतोय.' बुधवारी म्हणाली, 'झोपेतही करतोयस, माझ्या पाठीवर.'

गुरुवारी गेलो दुकानात. तिथे एक काळाभोर बेस भिंतीवर टांगलेला होता, नवाकोरा, कोणाचा उसना नाही. म्हटलं, काढा. दुकानदार तारा पुसत विचारतो, 'काय काका, किती वर्षं वाजवताय?'

म्हटलं, 'आजच सुरू केलं.'