ग्रीडीचं मराठी

...आणि म्हणे शुद्ध मराठीचा आग्रह. अहो, धरा की आग्रह, पण कुणाच्या लेकीला हावरट म्हणून? तुम्हाला सांगतो, हावरट ती नाही, पद्धत हावरट आहे!

म्हणजे बघा, विद्यालक्ष्मी. मैलापूरच्या तंजावरी मराठी घरातली, अल्गोरिदमवर संशोधन करते. चेन्नईच्या उन्हाळ्यात पाण्याचा कुठला टँकर कुठल्या गल्लीत पाठवायचा, हे तिचं गणित. सगळ्या शक्यता तपासत बसलात तर कॉम्प्युटर म्हातारा होईल आणि लोकांच्या घागरी कोरड्याच... म्हणून काय करायचं, समोर जे सगळ्यात फायद्याचं दिसेल ते उचलायचं, मागे वळून बघायचं नाही. याला म्हणतात ग्रीडी पद्धत. आणि या बाईनं सिद्ध केलं की असं ओरबाडूनही निकाल सर्वोत्तमाच्या फार मागे राहत नाही, कध्धीच नाही! मी खुर्चीतून उठलोच... जन्मभर पुढाऱ्यांची भाषणं लिहून घेतली, सिद्ध झालेलं वाक्य पहिल्यांदा ऐकत होतो.

बातमी धाडली पुण्याला, आमच्या पेपरला. छापून काय आलं? ‘चेन्नईची हावरट संशोधक’. फोन केला, तर डेस्कवरची सुष्मिता, गोड आवाजात, ‘सर, ग्रीडी इंग्रजी आहे ना, म्हणून मराठी केलं.’ अगं, हावरट ती नाही, पद्धत! ‘हो सर, उद्या खुलासा टाकते.’ टाकला. ‘सदर संशोधक हावरट नसून त्यांची वागण्याची पद्धत हावरट आहे.’ वागण्याची? हा शब्द कुणी मागितला होता?

गेलो माफी मागायला. दारातच तिचे वडील बालाजीराव, दोन्ही दिवसांच्या पानांची प्रिंट हातात. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतात, त्यांना स्वतःला वाचता मात्र तमिळच येतं, देवनागरी शिकली ती पोरगीच. ‘या, या. पोरीचं नाव मराठी पेपरात आलं, पण ती लाजते, वाचूनच दाखवत नाही. तुम्ही वाचा की.’ मागे विद्यालक्ष्मी, हात जोडून, डोळ्यांनीच, ‘सर, प्लीज...’

आता मी कोण? बातमीतला शब्द इकडचा तिकडे झाला तर संपादकाच्या टेबलावर मूठ आपटणारा माणूस. घसा खाकरला, वाचलं, ‘चेन्नईची... हुशार संशोधक.’

‘सरी, सरी, बरोबर. आणि हे दुसरं?’

‘सदर संशोधक नुसत्या हुशार नसून त्यांची... वागण्याची पद्धतही फार चांगली आहे.’

म्हाताऱ्यानं डोळे पुसले हो. म्हणाला, ‘किती नेमकं लिहिता तुम्ही. यातला एक शब्दही कुणाला बदलू देऊ नका.’

‘नाही देत,’ म्हटलं.