नानखटाईचं टिंब

नाही, तुम्हीच सांगा, पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजलेला माणूस दर बुधवारी आणि दर रविवारी साडीचं खोकं बगलेत मारून तीन जिने चढतो, तो कशासाठी चढत असेल? बायकोवरच्या प्रेमासाठी? आमच्या सोसायटीला तसंच वाटतं हो! 'मधुभाई तो बहु प्रेमाळ!' म्हणतात. लिफ्ट आहे, चालू आहे, पण लिफ्टमध्ये वास मागे राहतो... कारण तुम्हाला सांगतो, त्या खोक्यात साडी नसते. बोंबील असतात.

हसा, पण हळू हसा. इथे भिंती पातळ आहेत.

मी मधुकर, बँकेत आहे, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. सुरतेत पालला अकरा वर्षं एकाच घरात भाड्याने राहतोय, ए-विंग, तिसरा मजला. घर देताना मालकाने एकच अट घातली होती, 'ईंडुं पण नहीं, मधुभाई!' अंडंसुद्धा नाही! आणि मी मान डोलावली. शेजारी अरुणा उभी होती, माझी बायको, डहाणूची, मासळीवर वाढलेली, तिने माझ्याकडे असं बघितलं की लग्नानंतर बावीस वर्षांनी हा माणूस आपल्याला पहिल्यांदा नीट कळतोय. पण घर हवेशीर होतं, बँक जवळ होती, आणि म्हटलं, नाही खाल्ले मासे तर काय माणूस मरतो का?

मरत नाही. पण अरुणा बोलायची बंद झाली. भांडायची नाही, तेच वाईट! डहाणूला आई गेली, भावाने घर विकलं, माहेराचं म्हणून आता तिच्याकडे काय राहिलं होतं? एक चव. मग एका रविवारी मी नानपुऱ्याच्या मच्छीवाडात गेलो, सुरतेत खोक्यांना काय तोटा, सोनेरी वेलबुट्टीचं एक साडीचं खोकं घेतलं, आत डबा, डब्यावर पिशवी, पिशवीवर गुलाबी कागद... आणि घरी आलो.

पुढचं सगळं तंत्र अरुणाने बसवलं. खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल, एक्झॉस्ट फॅन बंद, कारण तो ज्या डक्टमध्ये उघडतो त्यात आमच्या ओळीतली पाचही घरं नाक खुपसून बसलेली! देवाजवळ लोबान, बाल्कनीत लोबान, आणि तव्यावर बोंबील पडायच्या क्षणी मोठ्याने आरती. रविवारी सकाळी अकरा वाजता आरती! खाली लोक म्हणायचे, 'केटला धार्मिक माणस छे!' आणि दर आठवड्याला खोकं बघून बायका विचारायच्या, 'अरुणाबेन, नवी साडी? बतावो तो खरा!' अकरा वर्षांत आमच्याकडे हजारभर साड्या आल्या असतील, अरुणा नेसते त्या चार. लोकांना वाटतं, साधी राहणी.

प्रश्न राहायचा काट्यांचा. कचऱ्यात टाकले तर सकाळी सफाईवाली पाहणार, म्हणून मी ते काटे बँकेच्या बॅगेत घालून तापीच्या पुलापर्यंत न्यायचो. सह्यांच्या कागदांशेजारी काटे! आणि मग एक दिवस जिन्याच्या खिडकीतून आमच्या बाल्कनीत, बाल्कनीतून आत, ती आली.

नानखटाई.

समोर बी-विंगमध्ये तळमजल्याला मंजुबा राहतात, त्यांची मांजर. रंग अगदी सुरती नानखटाईचा, कडा किंचित जास्त भाजलेल्या. मंजुबा म्हणजे सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, मुलगा मस्कतला. कांदा नाही, लसूण नाही, सूर्य मावळला की पाणीसुद्धा मोजून. अरुणाला डेंगी झाला तेव्हा पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ह्या बाईने खिचडी-कढी पाठवली होती हो, स्वतः जिना चढून. आणि त्यांची दूध-रोटलीवर वाढलेली मांजर आमच्या स्वयंपाकघरात बसून काट्यांसकट बोंबील खायला लागली! ताटली चाटूनपुसून लख्ख. पुरावा शून्य! मी म्हटलं, देवानेच पाठवली. अरुणा म्हणाली, 'अहो, आपण बांच्या मांजरीला बाटवतोय.' मी म्हटलं, मांजर कुणाला सांगणार आहे?

मांजराने नाही सांगितलं. टिंबाने सांगितलं.

मंजुबांच्या मुलाने मस्कतहून पट्टा पाठवला. गळ्यात पट्टा, पट्ट्यात डबी, डबीत जीपीएस, आणि फोनवर नकाशा, नकाशावर एक निळं टिंब. मांजर जिथे, टिंब तिथे. बांना फोनचं फारसं कळत नाही, म्हणून तो बसवायला त्यांनी बोलावलं कुणाला? तर योगेशभाईंना, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना! आणि योगेशभाई म्हणजे पाण्याचा पंप कोणी किती मिनिटं चालवला ते स्वप्नातही सांगणारा माणूस. त्यांनी ते टिंब बांच्या फोनवर तर टाकलंच, स्वतःच्याही फोनवर टाकलं, आणि वर सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो. 'नानखटाई गार्डनमां.' 'नानखटाई पार्किंगमां.' एकदा तर टिंब तापीच्या मधोमध! सगळी सोसायटी घाबरून खाली, आणि नानखटाई बांच्या ओट्यावर पाय चाटत बसलेली. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, यंत्र खोटं आहे, कुणाचा विश्वास बसणार नाही.

बसला हो! लोकांचा माणसावर बसत नाही इतका टिंबावर बसतो.

दोन आठवड्यांत योगेशभाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'मांजर बुधवारी आणि रविवारी ए-विंगच्या मागच्या कोपऱ्यात दीड-दीड तास बसते. बुधवार अने रविवार ज केम?' हेच दोन वार का? मागचा कोपरा म्हणजे आमची ओळ, खाली-वर पाच घरं. आता टिंबाला मजला कळत नाही, हीच काय ती देवाची कृपा! पण तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या ओळीला ताप भरला. कारण योगेशभाई म्हणाले, पाचही घरं बघून घेऊ. चौथ्या मजल्यावरच्यांनी बिस्किटाच्या डब्यातली अंडी त्याच संध्याकाळी मेव्हण्याकडे कडोदऱ्याला पोचवली. पाचव्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे औषधाच्या बाटल्या असतात, गुजरातेत ज्या औषधाला परवाना लागतो त्या... ते जिन्यात मला भेटले, पांढरेफटक, म्हणाले, 'मधुभाई, बिलाडी दारू पीती नथी ने?' म्हटलं, नाही हो, तुम्ही निश्चिंत असा. मी माणसाला धीर देऊ शकतो. पण टिंबाला कोण समजावणार?

आम्ही मासे बंद केले. पूर्ण. खोकं माळ्यावर. लोबान बंद, आरती बंद... तर लोक विचारायला लागले, 'मधुभाई, घरमां कोई बीमार छे?' आणि नानखटाई? ती बुधवारी बरोबर साडेसहाला बाल्कनीत. अरुणाने दूध-भात ठेवला. तिने हुंगला, आणि माझ्याकडे बघितलं. मालकासमोर मान डोलावली तेव्हा अरुणाने बघितलं होतं ना? तसंच. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं. ती बाहेर बसून राहिली, दीड तास, आणि समोर योगेशभाईंच्या फोनवर ते टिंब आमच्याच कोपऱ्यात, हलेचना. अगं, इथे तुला काहीच मिळत नाही, मग जा की! पण टिंबाला कोण समजावणार?

असे तीन आठवडे गेले. पुढच्या महिन्यात अकरा महिन्यांचा करार संपत होता, आणि योगेशभाईंनी रविवारी सकाळी अकराला मीटिंग लावली. विषय एकच, 'बिलाडी बाबत.' तुम्हाला सांगतो, मला घराची भीती नव्हती. म्हणजे होती, खोटं कशाला बोलू, ह्या वयात ह्या अंगठ्यानिशी कुठे घरं शोधत फिरणार? पण घर मिळालं असतं कुठेतरी. मला भीती होती बांची. ज्या बाईने पंधरा दिवस खिचडी पाठवली, तिच्या लेकरासारख्या मांजरीला आम्ही चोरून काय भरवलं, हे तिला चारचौघांत कळणार! मी काय तोंड दाखवणार होतो? अकरा वर्षं आपण ह्यांच्यात राहिलो, की ह्यांच्यात लपलो? अरुणाला विचारलं. ती म्हणाली, 'मला माहीत नाही. मी आरतीच म्हणत होते.'

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मंजुबा, काखेत नानखटाई. तीन जिने चढून आलेल्या, धापा टाकत. बा गुजरातीत बोलल्या, मी मराठीत सांगतो.

'मधुभाई, बाहेरगावी गेला होतात?'

'नाही बा, इथेच.'

'घरात कोणी आजारी?'

'नाही बा.'

'मग बंद का केलंत?'

अरुणाने हातातली पळी खाली ठेवली. मी म्हटलं, 'काय बंद केलं, बा?'

'त्याचं नाव मी घेणार नाही,' बा म्हणाल्या. 'पण बंद का केलंत?'

आणि खुर्चीवर बसल्या, नानखटाईला मांडीवर घेतलं, तिच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, 'मागच्या वर्षी ही दारावर आपटायला लागली. डॉक्टरकडे नेली. डॉक्टर म्हणाला, बा, ही मांजर आहे, गाय नाही. दूध-रोटलीवर हिचे डोळे जातील, हृदय जाईल. हिला ते लागतं. मी म्हटलं, दुसरं काही? म्हणाला, पाकीट मिळतं. पाकिटात काय? त्यातही तेच. आता मी काय करू, मधुभाई? ते माझ्या घरात येणार नाही, माझ्या हाताने होणार नाही. आणि ही आंधळी झालेली मला बघवणार नाही. मग एक दिवस ही तुमच्या बाल्कनीतून मिशा चाटत आली. अकरा वर्षं झाली, मला काय नाक नाही? तेव्हापासून बुधवार-रविवार मी दार उघडं ठेवते. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाला, बा, आता बिघडत नाहीये, खायला काय घालता? मी म्हटलं, पाडोशी सारा छे.'

शेजार चांगला आहे!

अरुणा ओट्याकडे तोंड करून उभी. मी विचारलं, 'मग बा, हा पट्टा?'

'पट्टा मीच मागवला. हिला कमी दिसतं, पोचली की नाही कसं कळणार? ते निळं टपकुं, तुमचं टिंब हो, तुमच्या कोपऱ्यात गेलं की मी माळ घेऊन बसते, परत आली की उठते. पाप कोणाच्या तरी नावावर लागायचं, ते तुमच्या नको. तुम्ही तुमचं जेवता. तिला जेवायला धाडते मी.' मग उसासा टाकून म्हणाल्या, 'योगेशला फोन दिला, एवढी माझी चूक झाली.'

म्हणजे बघा! अकरा वर्षं आम्ही दाराखाली ओले टॉवेल घालतोय, आणि समोर एक बाई आमच्या तव्याकडे डोळे लावून माळ ओढतेय! माणसं इतक्या जवळ राहतात, आणि एकमेकांपासून जे लपवतात ते एकमेकांना आधीच माहीत असतं... मग लपवतो तरी काय आपण? मला वाटतं, फक्त नाव लपवतो. नाव घेतलं नाही की सगळ्यांना राहता येतं. हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी मीटिंग झाली. योगेशभाई नकाशाचे रंगीत कागद काढून आले होते. 'जुओ, आ टपकुं! मागचा कोपरा! हे टपकुं सांगतंय की ह्या ओळीत कोणीतरी...' पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ घामाने भिजलेले. मी उठायच्या तयारीत होतो, खरंच सांगतो, कबूल करून टाकायच्या. तेवढ्यात बा उठल्या. त्या खोटं बोलत नाहीत, आयुष्यात बोलल्या नसतील. त्यांनी फक्त विचारलं, 'योगेश, मागे तुझं टपकुं माझ्या नानखटाईला तापीच्या मधोमध दाखवत होतं. ती तिथे काय करत होती, दीकरा? नहाती हती?'

सगळी सोसायटी हसली. योगेशभाईंनी कागदांची गुंडाळी केली. मीटिंग संपली, चहा झाला, महिन्याभराने करारही झाला, मालक परत म्हणाला, 'ईंडुं पण नहीं!' मी परत मान डोलावली.

आता तुम्ही म्हणाल, झालं की चांगलं, मग मधुभाई, तुमची तक्रार काय? हा अंगठा! डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड वाढलंय, मासे कायमचे बंद. कायमचे! म्हणजे मच्छीवाडात उन्हात उभा राहतो मी, जिने चढतो मी. अरुणा आपले तळते, नानखटाईचे बिनमिठाचे उकडते, दोघी शेजारी बसून खातात, आणि तेवढ्यात बांकडून माझ्यासाठी झाकलेली ताटली येते... मुगाची खिचडी. सबंध ओळीत त्या घटकेला नियम पाळणारा मी एकटा, पण ते कुणाला दिसणार, माझ्या गळ्यात कुठे टिंब आहे!

आणि रविवारी सकाळी मी खोकं घेऊन फाटकातून आत आलो की ओट्यावर माळ घेऊन बसलेल्या बा सगळ्या बायकांसमोर मोठ्याने विचारतात, 'मधुभाई, साडी आवी?'

काय सांगू! म्हणतो, 'आवी, बा.'